मोकळी खुर्ची

३ मार्च, रविवार
औषधवाला आज परत खुर्चीवर! वाचनालयाची जुनी रीत — रविवारी मोकळ्या खुर्चीत जो बसेल त्याने मनातलं बोलावं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. वेळ संपली की मी घंटा वाजवते, एवढंच माझं काम. म्हणाला, "नदीपलीकडच्यांना मताचा हक्क कशाला? काल आले आणि आज आपल्या डोक्यावर मिरे वाटतात." बोलणं कसं, साखर पेरल्यासारखं. शिंपीणबाई नदीपलीकडच्याच. पहिल्या रांगेत खाली मान घालून बसल्या होत्या. मी घड्याळाकडे बघत राहिले.

४ मार्च
यांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बोलू दे गं. पोटात ठेवण्यापेक्षा ओठावर आलेलं बरं." लेक उसळली — "त्याने बोलायचं आणि शिंपीणमावशींनी गिळायचं, ही कसली सहनशीलता?"
मला दोघांचंही पटतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१० मार्च
शिंपीणबाई आल्या नाहीत. औषधवाल्याला टाळ्या पडल्या.

११ मार्च
विचारात दूध उतू गेलं. नियम करावा — कुणाचा मताचा हक्क काढा असं जो म्हणेल, त्याला तिथेच घंटा. पण एकदा तोंड बंद करायची सवय लागली की मग? डोक्याचा नुसता भुगा.

१७ मार्च
नियम मांडला. बहुतेकांचे हात वर — औषधवाल्याचासुद्धा! "सगळ्यांना सारखा ना, ताई?" म्हटलं, अर्थात. हायसं वाटलं.

२४ मार्च
शिंपीणबाईंना मीच घरी जाऊन घेऊन आले. 'आता तुम्हाला कुणी काही बोलणार नाही' असंही सांगितलं. त्या आपणहून खुर्चीत बसल्या. त्यांच्या दुकानाच्या दारावर कुणीतरी 'चालते व्हा' लिहिलंय. ते सांगून म्हणाल्या, "ज्यांना आमचं मत खुपतं, आधी त्यांचंच मत काढून घ्या..."
औषधवाल्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग सगळ्यांनीच.
मी घंटा वाजवली.
बाई वाक्य अर्धं सोडून उठल्या, पिशवी घेतली, गेल्या. चुकलं का माझं? नियम मोडून कसं चाललं असतं? काही कळत नाही. लाज मात्र वाटते.

२५ मार्च
औषधवाला सकाळीच आला. वाचनालयाच्या अध्यक्षपदाला उभा राहतोय. "सूचक म्हणून तुमचंच नाव टाकतो, ताई. तुमच्या न्यायीपणावर सगळ्यांचा विश्वास आहे."
मी अजून नाही म्हटलेलं नाही.