सात कडुनिंब आणि एक क्वार्टर

झाशी, वैशाख शुद्ध पंचमी

सौ. दुर्गा हीस आशीर्वाद. माझा खोकला गेला, काळजी नसावी.

सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी नव्या रेल्वे क्वार्टरांच्या जागेवर गेलो आणि तिथले कडुनिंब मोजले. सात निघाले. आमच्या कचेरीत नकाशावर झाडे काढायची रीत नाही, आणि नकाशावर जे नाही ते कंत्राटदार तोडतो. मी सातही झाडे शाईने काढली आणि रस्ता त्यांच्या कडेने वळवला.

हेडबाबू मिश्राजी हसले. "दातेजी, नक्शा बना रहे हो कि बगीचा? एक क्वार्टर कम पड़ गया. किसका काटूँ, तुम्हारा?"

मी म्हटले, "जी, मेरा ही काटिए."

यांतले एक क्वार्टर मला मिळाले की दिवाळीला तुला आणि इंदूला इथे आणीन, असे मीच लिहिले होते. रागावशील, ते समजतो. पण इथे या दिवसांत भिंतीला हात लावला तर भाजतो. सावलीवाचून त्या घरांतली मुले खेळतील कुठे? देवाने उभे केलेले माझ्या हाताने खोडणार नाही.

आईंचे गुडघे कसे आहेत? इंदू रोज वाचते ना?

काल नकाशा झाडांसकट साहेबांकडे गेला. क्वार्टरवरचा हक्क सोडल्याचा अर्ज मी सही करून त्यालाच टाचून दिला.

तुझा,
श्रीकृष्ण