राईतल्या एका फांदीचं शूटिंग

५ ऑक्टोबर, रविवार
लग्नांचं शूटिंग आजपासून बंद. सतरा वर्षं नवरदेव घोड्यावर चढताना टिपले, आता कला. विषय ठरला: आदिवासी तरुणाई आणि पर्यावरण. कौटुंबिक. शेवटी रडवणारा. नाव, ‘झाडं बोलतात, बाबा!’ लघुपट महोत्सवाची मुदत ३० नोव्हेंबर. फॉर्मवर सवयीने नगर लिहिलं, मग खोडून अहिल्यानगर. अख्ख्या सोनई गावाला सांगून झालं. हेलनने एवढंच विचारलं, की अंगणातल्या शेवग्याला तरी कधी पाणी घातलंय का. बायको शिक्षिका असली की असे प्रश्न येतात. संकल्प: उद्यापासून शेवग्याला पाणी.

१२ ऑक्टोबर
अकोले तालुक्यात वर डोंगरात वाडी सापडली. भीमादादा भात पिकवतात, मुलगी मोनिका तालुक्याच्या गावी बी.एस्सी. करते. वाडीच्या डोक्यावर देवाची राई, जुनी, दाट. एका रिसॉर्टला तिच्यातून रस्ता हवाय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत निकाल. मोनिका आणि पोरं विरोधात, अर्धी वाडी रस्त्याच्या बाजूने. मी तिला धीर दिला. फिल्म आली की राई वाचलीच.
भीमादादा म्हणाले, सॅमसन सर, राईतली वाळकी काडी बी चुलीला आनायची न्हाई, आन् लोखंड तर आत न्यायचंच न्हाई. काय डायलॉग! लगेच स्क्रिप्टमध्ये घातला.
शेवग्याचं राहिलं.

२ नोव्हेंबर
शूटिंगचा पहिला दिवस. कॅमेऱ्यावर गोरक्ष, लग्नांपासूनचा जोडीदार. सगळे कलाकार भातकापणीला. मोनिकाने दोनदा फोन केला होता म्हणे. मी स्क्रिप्टमध्ये बुडालो होतो.
दुपारी चार पोरं आली ती जीन्समध्ये. मी हेलनच्या शाळेतून गॅदरिंगची मोरपिसं आणि कवड्यांच्या माळा नेल्या होत्या. मोनिका म्हणाली, सर, आमचा पोशाख पायजे ना, मग बापू घालून आलेत की. तिचे बापू, म्हणजे भीमादादा, शर्ट-पँटमध्ये होते. वास्तववादाची जाण नाही. पिसं शेवटी गोरक्षने घातली. बरा दिसला.

९ नोव्हेंबर
खलनायक मिळेना. सीन असा: बाप कुऱ्हाड घेऊन राईत येतो, लेक आडवी पडते. भीमादादा म्हणाले, दुसरं काय बी सांगा. थर्माकोलची कुऱ्हाड चालेल म्हटलं, तरी नाही. ठीक आहे. खलनायकाशिवायच करू. हॉलिवूडमध्ये करतात.

१६ नोव्हेंबर, सकाळी ११
क्लायमॅक्स. ऊन झकास. मोनिका तोच काडीचा डायलॉग म्हणणार. एक फांदी मात्र सारखी तिच्या तोंडावर सावली टाकते. गोरक्ष चहाला गेलाय. हरकत नाही, गाडीत कोयता असतोच. उसाच्या पट्ट्यातला माणूस कोयत्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

दुपारी २
फांदी लहानच होती. मनगटाएवढी.
आरडाओरडा ऐकून सगळी वाडी आली, रस्त्याच्या बाजूची धरून. या वाडीत एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं. मोनिकाची आई आक्काबाई शेतातून धावत आल्या, पण विळा राईच्या कडेला ठेवून मगच आत शिरल्या. म्हणाल्या, लेकरा, ह्ये काय केलंस? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. हे इथेच लिहितो, हेलनला सांगणार नाही.
दंड: देवाला नारळ, आणि राईच्या कडेला पाच रोपं. जगेपर्यंत पाणी मीच घालायचं, दर रविवारी.
मोनिका हे सगळं मोबाईलवर घेत होती. फ्रेम हलत होती. मी नारळ आणायला निघालो.

३० नोव्हेंबर
फिल्म पाठवली नाही. दर्जाशी तडजोड नको. रोपांना पाणी घातलं. चढ आहे. कळशी अर्धी सांडते.

२६ जानेवारी
रस्त्याचा ठराव पडला! मोनिकाने सभेत तिचा तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. वाडीतला श्रीमंत नावाचा गडी इतके दिवस रस्त्यासाठी भांडायचा, तोच उठून म्हणाला, एका फांदीला आपुन समदे धावलो, आन् रस्त्याला किती फांद्या जातील? मग हात वर होत गेले.
थोडक्यात, माझ्या फिल्मने राई वाचवली. फिल्म नसली तरी.

१५ फेब्रुवारी, रविवार
महोत्सव. हेलनला घेऊन गेलो, निव्वळ इतरांचं काम किती कच्चं असतं ते दाखवायला. पहिलं बक्षीस मोनिकाला. तिने तोच व्हिडिओ मुदतीत पाठवला होता. पडद्यावर नावं आली: आई, आक्काबाई. बाप, भीमा. फांदी तोडणारा, सॅमसन सर.
परीक्षक म्हणाले, खलनायकाचा अभिनय इतका नैसर्गिक, की क्षणभरही अभिनय वाटला नाही. मोनिकाने माझ्याकडे बोट दाखवलं. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला. दोनदा.
पाचही रोपं जगली आहेत, हे हेलनला येताना गाडीत सांगितलं. घरी आल्या आल्या बादली भरून शेवग्याला घातली. हेलन दारातून म्हणाली, की तो डिसेंबरातच वाळलाय.