मुकी बस

२ जून, सोमवार. पहाटे ५.१०
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी काही म्हणालं तर आपल्याकडे लेखी असावं.

मालकांच्या सोसायटीने माझी डिझेलची बस 'डोझर' विकली. न्गाँग ते नैरोबी, बावीस वर्षं. नुसत्या आवाजावरून लोक ओळखायचे, मुसेम्बी आला. बदल्यात विजेची बस दिली आहे. पांढरी. अंगावर रंगवलेला एक सिंह नाही, एक पैलवान नाही, आत गाणी नाहीत. आत दवाखान्याचा वास. बघूनच मळमळलं.

तीस दिवसांची चाचणी. बसमधलं मशीन रोज शंभरपैकी मार्क देणार. सरासरी सत्तर आली तर स्टिअरिंग माझं. नाही आली तर दुसऱ्या कुणाचं. सत्तर! मला! संकल्प: पहिल्याच आठवड्यात नव्वद.

संध्याकाळी ७
एकेचाळीस. मशीन नवीन आहे. शिकेल हळूहळू.

३ जून
सकाळी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. चार शिव्या घालून पाचव्यांदा दाबणार तेवढ्यात ओडुओर म्हणाला, उस्ताद, गाडी मघाशीच चालू झालीय, तुम्ही चालू-बंद, चालू-बंद करताय. ओडुओर माझा कंडक्टर. दहा वर्षं डोझरच्या दारात लोंबकळला. मॅन्युअल वाचून आला होता. कंडक्टरने वाचायचं काय असतं त्यात?

५ जून
आज डोक्याला ताप. शहरातल्या रेल्वे स्टेजवर, म्हणजे स्टेशनजवळच्या बसथांब्यावर, आमचं एक शास्त्र आहे. गाडी उभी करायची, गुरगुरवायची, दोन हात पुढे घ्यायची, एक हात मागे. लोकांना वाटतं निघाली. पळत येऊन चढतात. मग गाडी भरेपर्यंत अर्धा तास हलायचं नाही. ह्याच्यावर अख्खा धंदा उभा आहे.

ही बस पुढे-मागे केली तर कुणाला पत्ताच लागत नाही. एक म्हातारी समोर उभी राहून केळं खात होती. बंपर तिच्या कमरेला टेकला तेव्हा तिला कळलं. छत्री काचेवर आपटून म्हणाली, मेल्या, चोरासारखा काय येतोस, तोंड नाही का तुझ्या गाडीला? तिचं बरोबर होतं.

अडतीस.

६ जून
ट्रेनिंगवाली चेपकेमोई येऊन शेजारी बसली. वय अठ्ठावीस. मला काका म्हणते, म्हणून ऐकून घेतो. न्गाँगहून उतार लागला तशी मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि पाय काढून घेतला. बुलबुल स्टॉपपासून कॅरेनपर्यंत एक थेंब न जाळता येणारा ड्रायव्हर ह्या रूटवर मी एकटा. वाटलं पोरगी टाळ्या वाजवेल. ती म्हणाली, काका, न्यूट्रल नको. गिअरमध्येच ठेवा, उतरताना ही आपली आपण बॅटरी भरून घेते.

उतरताना भरते! नळाचं पाणी कधी टाकीत परत चढतं का? मी हसलो. ती नाही हसली. असल्या मुलींना विनोद कळत नाही.

९ जून, दुपार
कॅरेनच्या पुढे चढावर बस थांबली. बॅटरी संपली. तेहतीस प्रवासी खाली उतरले, भाडं परत घेतलं आणि मागून आलेल्या डिझेलच्या मटाटूत, म्हणजे डोझरसारख्याच खासगी बसमध्ये, बसले. त्याचा ड्रायव्हर मुद्दाम माझ्याजवळ थांबून दोनदा गुरगुरला. टो करणारी गाडी येईपर्यंत ओडुओर आणि मी गवतात बसून मका खाल्ला. तो म्हणाला, उस्ताद, उतारावर एकदा गिअरमध्ये ठेवून बघू या का. त्याला सांगितलं, दरवाजा सांभाळ.

कारखान्याने बॅटरीच अर्धी भरून पाठवलेली दिसते. बावीस.

११ जून
समोर कॅमेऱ्याचा एक डोळा बसवलाय. दिवसभर माझ्याकडे बघत असतो. मी मिराची पानं चघळतो, जाग राहते. डोळ्याला वाटतं मी फोनवर बोलतोय. दर दोन मिनिटांनी टुंग टुंग. संकल्प: उद्यापासून मिरा बंद.

१२ जून
मिरा बंद केली नाही. त्यापेक्षा शहाणपणाचा उपाय केला, काळा गॉगल घातला. डागोरेट्टीच्या पुढे बस स्वतःच बाईच्या आवाजात अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलली, चालक झोपला आहे. चालक झोपला आहे. एकच हलकल्लोळ. एक पाद्री उभा राहून मोठ्याने प्रार्थना करायला लागला. दोघींनी माझे कान पिरगाळले. मी ओरडतोय जागा आहे, जागा आहे, आणि ही बया वरून सांगतेय झोपला आहे. खरं कोणाचं धरलं? मशीनचं.

मार्क लिहीत नाही. अपमानाचे मार्क मी धरत नाही.

१४ जून
नवा उपाय सापडला. स्टेजवर खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि स्वतःच ओरडलो, न्गाँग न्गाँग न्गाँग, निघाली निघाली, ताई चला, मामा चला, बसायला गादी, वारा फुकट! सहा मिनिटांत गाडी भरली. ओडुओर बघतच राहिला. तसं हे काम हलक्या लोकांचं. स्टेजवर घसा फोडणारी माणसं म्हणजे ज्यांना गाडी कधी मिळाली नाही ती. पण मी ड्रायव्हरच्या सीटवरून ओरडतो, हा फरक आहे.

आता रोज ओरडतो. चेपकेमोई वहीत काहीतरी लिहून घेत होती. माझं तंत्र असणार.

१६ जून
म्वेंडे, म्हणजे आमची बायको, आज बसने बाजारात आली. उतरताना हसत होती. घरी मक्याच्या पिठाची उगाली घोटताना म्हणाली, म्विकालीचे बाबा, एक सांगू, रागावू नका. आज पहिल्यांदा मला उलटी आली नाही. मी म्हटलं, कधी येते तुला उलटी? म्हणाली, डोझरमध्ये दर वेळी. पिशवी घेऊनच बसायची.

बावीस वर्षं. मागच्या सीटवर डोळे मिटून बसायची. मला वाटायचं माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक करतेय. जेवलो नाही नीट.

१८ जून
दाट धुकं. न्गाँगबाहेर मसाईंच्या गाई रस्त्यात. मी ब्रेक मारणारच होतो, पाय उचललाही होता. तेवढ्यात बस आपली आपणच थांबली. गाईच्या नाकाची वाफ काचेवर. गुराख्याने येऊन बसच्या गालावर थोपटलं, तिला आशीर्वाद दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काम केलं मी, श्रेय घेतलं हिने.

२१ जून
चेपकेमोईने ओडुओरला चार स्टॉप चालवायला दिली. लायसन्स काढून ठेवलं होतं म्हणे त्याने, मला सांगितलं नाही. अठ्ठ्याऐंशी. साहजिक आहे. त्याला ड्रायव्हिंग येतच नाही, म्हणून मशीन सांगेल तसं करतो. कोऱ्या पाटीवर कुणीही लिहील. मी पाटी नाही.

खाली उतरून तो म्हणाला, उस्ताद, उतारावर ती खरंच भरते, मी बॅटरीचा काटा वर चढताना बघितला. त्याचा आवाज बारीक झाला होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही. किळस आली आणि ती बसची नव्हती, कशाची होती ते लिहीत नाही.

२४ जून
उतारावर गिअरमध्ये ठेवली. कोणाला सांगितलं नाही. काटा वर गेला. पंचावन्न.

योगायोग असेल. उद्या परत न्यूट्रल.

२८ जून
तीन दिवस राहिले. हिशेब मांडला: वाईट दिवस सोडले, बस बंद पडली तो दिवस सोडला, गॉगलचा दिवस सोडला, तर माझी सरासरी उत्तम आहे. सोसायटीतही हेच सांगायचं. चेअरमन मला पहिल्यापासून ओळखतो. जुनी माणसं असली कामं मशीनवर सोडत नाहीत.

१ जुलै, सकाळ
नवा शर्ट. म्वेंडेने स्वतः इस्त्री केला. म्हणाली, काही झालं तरी घरी जेवायला या. काही झालं तरी म्हणजे काय?

१ जुलै, दुपार
सरासरी त्रेचाळीस. चेअरमन कागदाकडे बघत बसला. बोलली ती चेपकेमोई. काका, म्हणाली, आपल्या अकरा बसमध्ये तुमची प्रवाशांनी सगळ्यात लवकर भरते, प्रत्येक वेळी. हे कुणालाच जमत नाही. आम्हाला तुम्ही हवे आहात. फक्त सीटवर नको.

बस ओडुओरला. मला रेल्वे स्टेज. हिरवं जाकीट, त्यावर 'प्रवासी संपर्क अधिकारी'. पगार तोच. म्हणजे बढतीच की. अकरा बसचा अधिकारी! ओडुओर बाहेर उभा होता. उस्ताद म्हणाला आणि वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. मीच म्हटलं, आरसा नीट लाव, माझ्या उंचीचा आहे तो.

२ जुलै, बुधवार. सकाळी ८.३०
अधिकारी म्हणून पहिला दिवस. बसकडे पाठ करून उभा राहिलो, म्हणजे लोकांकडे तोंड येतं. घसा मोकळा केला. न्गाँग न्गाँग, निघाली निघाली, ताई चला, शेवटच्या दोन सीट! अगदी जोरात चाललं होतं. पाच मिनिटं तरी ओरडलो असेन. एक बाई पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, कुठली बस हो? मी हात मागे केला, ही काय. ती म्हणाली, कुठली?

मागे बघितलं. रिकामा रस्ता. कधी निघून गेली, कळलंच नाही.

ओडुओरला फोन केला. म्हणाला, उस्ताद, भरली होती, हात केला तुम्हाला, हॉर्न दिला तर मार्क जातात. बरोबर आहे. भरली की निघायचं. मला रडू यायला लागलं, म्हणून तंबाखूच्या टपरीकडे तोंड करून उभा राहिलो. बाई तिथेच होती. म्हणाली, पुढची कधी? म्हटलं, बारा मिनिटं. तिने जाकीट वाचलं, मला खालीवर पाहिलं आणि म्हणाली, तुम्हाला इथे कधी बघितलं नाही, किती दिवस झाले ह्या रूटवर?

म्हटलं, आजच लागलो.