मागून धरणारे हात

४ जानेवारी १९७४, शुक्रवार
परवा टेमघरला लेकाकडे पोचले एकदाची. केसरीनाथने खाली चार लूम, कापड विणायचे विजेचे माग, टाकलेत, वर दोन खोल्या बांधल्यात. लूमवरचे कामगार मला अम्मा म्हणतात, गोड वाटतं. माझी नात काशी दोन महिन्यांची. काय तिचं जावळ! अकलोलीहून येताना एस्टीतली बाई विचारत होती, म्हातारे, एकटीच हसतेस कशाला. सांगितलं, आजी झाले.

पण पोर काही मांडीवर दिली नाही. तीन वर्षं मला चक्कर येते ना, म्हणून सून हौसा घाबरते. डॉक्टर म्हणाले, चक्कर कधी येते ते लिहीत जा. म्हणून ही वही. दुसरी यत्ता शिकले, तीही अर्धी, तेव्हा अक्षर असंच.

त्यांनी पडण्याची परीक्षाही सांगितलीय. एका पावलापुढे दुसरं लावायचं, डोळे मिटायचे, आणि कोणी तीस आकडे मोजेस्तोवर उभं राहायचं. लूम चालले की वरची जमीन हादरते, म्हणून परीक्षा शुक्रवारी, लूम बंद असताना. हौसाने अट घातली, दोन शुक्रवार न डगमगता झालं की काशी तुमच्या हातात. आज बारालाच कलंडले.

११ जानेवारी, शुक्रवार
आज तीस झाले! पंधराला तोल गेला होता, तेवढ्यात हौसाने मागून कंबरेला धरलं. गार हात, भांडी घासून आली असेल. मी काही बोलले नाही, धरलं म्हटलं तर नापास. तीही बोलली नाही. मनाने चांगली आहे, तोंडाने फटकळ. सकाळीच म्हणाली, "आये, पडायचं तर एकटीच पडा. माझी पोर घेऊन न्हाय."

१४ जानेवारी, सोमवार
संक्रांत. तीळगूळ देताना हौसाला म्हटलं, त्या दिवशी मागून धरलंस, बरं केलंस. ती बघतच राहिली. म्हणाली, मी तर समोर दारात उभी होते, काशी खांद्यावर.
खरंच की. तिचे आकडे समोरूनच ऐकू येत होते.
केसरीनाथ म्हणाला, चक्करेत भास होतो, डॉक्टरांना सांगू. मी नको म्हटलं. सांगितलं तर पोर मिळायची नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार
भिंतीकडे पाठ करून उभी राहिले. मागे वीतभर जागा. पाचलाच हात आले. आधी ढकललं, जरासं. मग सावरलं. परत ढकललं, जास्त. परत सावरलं. किती जोर लावला की म्हातारी पडते, ते बघत होते जणू.
तीस झाले. हौसा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, उद्या घ्या पोरीला. नको म्हणणार होते. म्हटलं नाही. ते जावळ —

१९ जानेवारी, शनिवार, सकाळ
काशी मांडीवर आहे. डावा हात तिच्या मानेखाली. झोपलीय.
हौसा नळावर गेली. खाली लूम चालू, हाक मारली तरी केसरीनाथला ऐकू जाणार नाही.
आता कळलं, ते हात मला कशाला सावरत होते. मी पास व्हावी म्हणून. पोर माझ्या हातात यावी म्हणून —
उठायचंच नाही. बसलेल्याला कोण पाडणार. जिना लांब आहे. भिंतीला पाठ घट्ट लावलीय, मागे बोटभर जागा नाही.
कंबरेला —
पोरीला गोधडीवर ठेवते. डावा हात सुटत नाही. त्याच्यावर गार हात आहे, दाबून धरलाय, तिच्यासकट.
मी उठतेय. न्हाय, मी न्हाय उठत, मला —
हौसा, पोरी, लवकर ये, मी पास न्हाय झाले, मी खोटं —
आता उजव्या हाता