भामट्याचा विमा

सोमवार, ३

नाही घेणार. ठरलं. मांजराचा विमा म्हणे!

परवा भामट्याला इंजेक्शनला नेलं तर दवाखान्यातल्या बाईनं हातात कागद कोंबला. वर्षाचा हप्ता वाचला आणि घडी घालून पर्समध्ये टाकला. तेवढ्यात माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवरचा दिवा येतो, सहा महिने झाले लुकलुकतोय.

आईला सांगितलं तर म्हणाली, "त्याला काय धाड भरलीय? नऊ वर्षांत एक उंदीर मारला नाही, कसला विमा!" आणि लगेच त्याला मांडीवर घेतलं.

मंगळवार, ४

घेऊ का?

शेजारच्या घड्याळवाल्याला विचारलं. डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला, "ताई, विमा म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध लावलेली पैज. जिंकलात तर रडायचं, हरलात तर हळहळायचं." मग स्वतःच सांगितलं की मेहुण्याला कुत्रीच्या ऑपरेशनसाठी स्कूटर विकावी लागली. म्हटलं, "म्हणजे घेऊ?" तर म्हणे, "मी कुठं म्हटलं घ्या!" हा माणूस घड्याळं तरी बरोबर लावतो की नाही, देव जाणे.

गुरुवार, ६

घेतला!!

सकाळी ओट्यावरची साखरेची बरणी फुटली. स्वयंपाकघरभर काचा. आई म्हणाली, "भामट्यानं पाडली." भामट्यानं? माझ्या काचांच्या ट्रेमधून शेपूट उभी करून जातो तो, एक काच हलत नाही! त्याला रागावले, तर तो आपला पाय चाटत बसला. आई खाली बसून चाचपडत काचा गोळा करत होती. म्हणाली, "रागावू नकोस गं. त्याला हल्ली दिसत नाही नीट."

दिवसभर कामात लक्ष नाही. एका बाईंना दुसऱ्याच्याच नंबरचा चष्मा देऊन बसले. दुपारी फोन केला. विमावाली मुलगी अगदी गोड आवाजाची — "मॅडम, पहिले तीस दिवस काही मिळत नाही. आणि त्या तीस दिवसांत काही निघालं ना, तर ते आधीचंच धरतात. मग त्याचे पैसे कधीच नाहीत."

अर्जात प्रश्न होता — 'आपल्या माहितीप्रमाणे प्राण्यास सध्या काही आजार आहे काय?' आपल्या माहितीप्रमाणे! मी कुठं तपासलंय? आई म्हणाली म्हणजे काय निदान झालं? 'नाही'वर खूण केली आणि सही ठोकली.

आता तीस दिवस बघायचं नाही. बघितलं नाही तर माहीत नाही. बस्स.

शनिवार, ८

आज अकरा जणांचे नंबर काढले. वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा. घरी आले की भामट्या पायात घोटाळतो, तोंड वर करतो, आणि मी बघते शेपटीकडे! टॉर्च बॅगेत असते म्हणून बॅगच दुकानात ठेवून येतेय.

मोतीबिंदू असेल तर महिनाभर थांबून काही बिघडत नाही. काचबिंदू असेल तर — नसेल. मांजराला कुठून होतोय. होतो म्हणा. पण नसेल.

सोमवार, १०

त्याच्या वाटीभोवती दुधाचं तळं. आई म्हणाली, "अंदाज चुकतो त्याचा." मी गुपचूप पुसलं.

बुधवार, १२

चोवीस दिवस राहिले. रद्द करू का? केला तर भरलेले पैसे गेले. नाही केला तर हे असं जगायचं. शी!

शुक्रवार, १४

आईच्या नडगीवर हे एवढं काळंनिळं. "मेला मध्येच आला पायात. मी येतेय ते त्याला दिसलंच नाही." माझा ताबाच सुटला. ओरडले तिच्यावर. रोज उठून तेच तेच सांगत जाऊ नकोस मला! माहीत नाही म्हणून सही केलीय मी, कळतंय का?

आईनं साडी ओढून नडगी झाकली. मग विचारलं, "म्हणजे एकदा सांगितलं की माहीत झालं. आणि माहीत झालं की मग सगळा खर्च तुझ्याच डोक्यावर. असंच ना?"

"हो, असंच."

"बरं मग. नाही सांगत."

तिला मलम लावून दिलं. वाईट वाटलं, पण सॉरी काही म्हटलं नाही. आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

शनिवार, १५

एक आजोबा आले दुकानात. दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं दुखतं. कधीपासून? दोन महिने! मी त्यांना फाडफाड बोलले. डोळा आहे का गंमत? थांबलात कशाला? म्हणाले, "घरात लग्न होतं. पोरांना कशाला घोर?" तिथल्या तिथे मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं.

ते गेल्यावर स्टुलावर बसून राहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुसरं काय. डोळे बघून पोट भरते मी, आणि घरचं एक मुकं जनावर आंधळं होतंय ते होऊ देतेय. का, तर पैसे परत मिळावेत! लाज वाटते लिहिताना.

मंगळवार, १८

खड्ड्यात गेला तो विमा.

दुकान बंद केलं, भामट्याला पिशवीत घातलं आणि थेट दवाखाना. टेबलावर त्याचं डोकं मीच धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी उजेड मारला, डोळ्यांपुढे दोरा फिरवला, डोळ्याचा दाब मोजला. मग माझ्याकडे बघून हसल्या. "कोणी सांगितलं दिसत नाही म्हणून? उत्तम आहेत डोळे! दातांवर कीट चढलंय, तेवढं बघा."

विश्वास बसेना. टॉर्च मागून घेतली आणि स्वतः बघितलं. स्वच्छ! बाहुली उजेडाला लगेच बारीक होत होती. त्यानं माझा हात बोचकारला, अगदी नेम धरून. मी तिथेच रडले. मग हसले. बारा दिवस त्या येड्याच्या शेपटीशी बोलत होते मी!

वाटेत त्याच्यासाठी मासळी घेतली. घड्याळवाल्याला दारातूनच ओरडून सांगितलं. "म्हणजे हरलात की पैज!" म्हणाला. हरले, हरले!

घरी आल्या आल्या आईला सांगितलं. वाटलं, उड्याच मारेल.

"असं होय," म्हणाली, आणि आत गेली. भिंतीला हात लावत.

बुधवार, १९

आज दुकान उघडलं नाही. आईला खिडकीशी बसवलं. नको नको म्हणत होती, ऐकलं नाही. तिचा उजवा डोळा झाकला आणि विचारलं, किती बोटं?

"आधी हात तरी पुढे कर," म्हणाली.

हात पुढेच होता.