खऱ्या मापाचा जोड

प्रिय आत्या,

तू रागावशील म्हणून आधीच कान धरते. आपल्या दुकानाचा नियम मी मोडला.

मुलींची पावलं नाजूक दिसावीत म्हणून त्यांचे बूट एक माप लहानच शिवायचे, हे तूच मला शिकवलंस. गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीची आठ वर्षांची लेक पहिल्या जोडासाठी आली. मी कागदावर तिचं पाऊल आखायला घेतलं, तर बाईसाहेबांनी बोटं आधीच आखडून घेतलेली! म्हणाली, "मावशी, आई म्हणते, दुखलं तरी ओरडायचं नाही."

बोटं सरळ करवली आणि खऱ्या मापाचा साचा काढला.

आज जोड घालून ती दोन पावलं दबकत चालली, थांबली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि जी सुसाट सुटली ती थेट रस्त्यावर! मागे तिची आई, "अगं हळू, अगं हळू," करत, स्वतःचे घट्ट बूट हातात घेऊन चक्क अनवाणी. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

हे पत्र पाठवायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून तुझ्यासाठी शिवलेला नुसता जोड पाठवतेय. तुझं माप मागवलं नाही. लहानपणी रोज संध्याकाळी तुझे पाय मीच चेपायचे ना? ती दुमडलेली बोटं सरळ केली की तुझं पाऊल केवढं भरतं, हे माझ्या हातांना पक्कं ठाऊक आहे.

घालून बघ. मग खुशाल ओरड.

तुझीच,
नियम मोडून खूश असलेली भाची