ड्रमच्या झाकणावरचे आकडे

४ एप्रिल, गुरुवार
आठव्या दिवशी नळ आला आणि माझा कीबोर्ड गेला. प्र.ने (नवरा म्हणून ओळख द्यायची आज इच्छा नाही) पाइप तिसऱ्या ड्रममधून चौथ्यात टाकताना धार सरळ माझ्या टेबलावरून फिरवली. कीबोर्डची वायर तशीही दोन ड्रमच्या मधे लोंबत असायची. उलटा करून झटकला, गॅलरीत उन्हात ठेवला. एक बटण दाबलं की सात अक्षरं येतात, त्यातली सहा कुणी मागितलेली नसतात.
प्र. म्हणे, "पाणी वाया नाही गेलं. पुसलेलं फडकं बादलीत पिळलंय."
किळस आली. फडक्याची, बादलीची, माणसाचीही.

५ एप्रिल, शुक्रवार
शिवणाची टेप काढून टेबल मोजलं. पूर्वी खिडकीपासून दारापर्यंत होतं. गेल्या उन्हाळ्यात चौथा ड्रम आला तेव्हा प्र.ने सुतार बोलावून ते निम्मं कापलं. मी लग्नाला गेले होते, परत आले तर टेबल अर्धं. मॉनिटर, हस्तलिखिताचा स्टँड, माउस. उरते जेमतेम दीड वीत. जुना कीबोर्ड त्यात कधी मावलाच नाही, त्याचं उजवं टोक टेबलाबाहेर ड्रमच्या झाकणावर टेकलेलं असायचं.
ठरवलं. छोटा घ्यायचा, बिनवायरचा.
प्रेसच्या रमेशरावांचा फोन. "ताई, गुरुजींचं पुस्तक बुद्धपौर्णिमेला निघायचंय. महिनाअखेर सगळं मॅटर पाहिजे. जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा, इथं एक मुलगी बसवलीय, ती उरकून टाकील."
उरकून टाकील! सोनवणे गुरुजी फर्दापूरचे, तिकडंच शाळेत आयुष्य काढलं, आता हर्सूलला लेकीकडं असतात. तीन वर्षं हातानं लिहिताहेत. आणि ही उरकणार.
माझ्याकडं एवढं एकच काम उरलंय. प्र. ऐकतच होता. फोन ठेवल्याबरोबर: "काम बंद झालं तर टेबल काढता येईल. तिथं आडवी टाकी बसते." मोजून ठेवलं होतं त्यानं. माझ्याच टेपनं.

७ एप्रिल, रविवार
ताईच्या ऋताला पुण्याला फोन केला. ती कॉम्प्युटरमध्येच असते. "मावशी, सिक्स्टी पर्सेंट घे, आखूड असतो." म्हटलं कीबोर्ड आहे की दूध? हसली. मग अर्धा तास बटणांच्या आवाजाबद्दल बोलली. क्लिकवाली, बिनक्लिकवाली, आतून दिवे लागणारी. दिवे कशाला? मला बटणं बघून टाइप करायची सवय नाही, टाइपरायटरवर शिकलेय.
लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचत बसले. एकानं पाच तारे देऊन लिहिलंय, अजून उघडला नाही. वैताग नुसता.
शेजारच्या प्लॉटवर दिवसभर बोअरचं मशीन. धुराळा स्क्रीनवर, चहात, दातांत. पाणी लागलं नाही. त्या बिल्डिंगचं नाव मात्र 'लेक व्ह्यू'. लेकमध्ये पोरं क्रिकेट खेळतात.

१० एप्रिल, बुधवार
क्रांती चौकात चार दुकानं. पर्समध्ये टेप. पहिल्या तिघांनी मला माणूस समजायचंच नाकारलं, "मुलासाठी का?" विचारत होते. चौथा दुकानदार, दाढीवाले चाचा, तेवढे बोलले.
"मॅडम, ये देखो. छोटा है, हल्का है, बॅटरी छे महिने चलती."
मी रुंदी मोजली. दीड वितीत बसून वर दोन बोटं उरली. तिथल्या कॉम्प्युटरला जोडून दिला. मराठी फाँट नव्हता, म्हणून इंग्रजीत स्वतःचं नाव टाइप केलं, पत्ता टाइप केला. बटणं मऊ. आवडला, खोटं कशाला बोलू.
"सीधे बाजू के नंबरां नहीं इसमें," चाचा आपणहून म्हणाले. "वैसे किसको होना आजकल?"
मी म्हटलं, नक्को, मी काय हिशोब लिहिते का, मी मराठी टाइप करते.
हे वाक्य मी बोलले. शुद्धीत बोलले.

११ एप्रिल, गुरुवार
प्रकरण सहावं, पहिली ओळ. 'विद्यार्थी' येईना.
डाव्या हातानं ऑल्ट दाबला, उजवा हात आपोआप उजवीकडं गेला आणि ड्रमच्या झाकणावर आपटला. तिथं काही नव्हतं.
आमच्या जुन्या फाँटात अर्धी जोडाक्षरं बटणांवर नाहीतच. ऑल्ट दाबून बाजूच्या आकड्यांवर नंबर मारायचा, मग अक्षर उमटतं. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत, ते बाजूचेच लागतात. वीस वर्षं मारतेय. इतकं हातात बसलंय की आपण नंबर मारतो हे डोक्याला माहीतच नव्हतं. जुन्या कीबोर्डचं जे टोक टेबलाबाहेर लटकायचं, ज्याच्यावर मी रोज चडफडायचे, ते आकड्यांचं टोक होतं. तेवढंच टाळून नवा आणला!
गुरुजींच्या पुस्तकात 'बुद्ध' पानोपानी. एकही येत नाही.
स्वतःचा इतका तिरस्कार बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता.

१२ एप्रिल, शुक्रवार
कीबोर्ड परत करायला गेले. चाचा भले माणूस, पण "सील टूट गया मॅडम." बरोबर आहे त्यांचं. त्यांनी सांगितलं होतं.
ऋता म्हणते, युनिकोड शीक, आठवड्यात येतं. शिकेन गं. पण रमेशरावांच्या मशीनला जुनाच फाँट लागतो, आणि माझ्याकडं आठवडा नाही. तूर्त एका फाइलीत जोडाक्षरं गोळा केलीत, लागेल ते उचलून चिकटवते. तासाला पान होत नाही.
नळाचा दिवस. प्र.ने सकाळी चौथ्या ड्रमला पाइप लावून तो सगळा मोरीत सोडला. शिळं पाणी. आठ दिवसांत त्यात तांब्या बुडत नाही, तीन ड्रमच पुरतात आम्हा दोघांना. तरी दर खेपेला चौथा गटारात ओतायचा आणि ताजा भरायचा. गल्लीत सगळेच करतात. खाली टँकरची वाट बघणाऱ्या बायकांच्या पायांशी आमचं पाणी वाहत होतं. वर्षभर मीही नुसती बघत आलेय.
मी म्हटलं, तो ड्रम काढ, तिथं मोठा कीबोर्ड ठेवते. "आणि नळ बारा दिवसांनी आला तर?" तो दरवेळी हेच विचारतो.

१५ एप्रिल, सोमवार
काल जयंती, म्हणून गुरुजी आज आले. काठी टेकत दोन जिने चढले. खरं ते सांगितलं, चुकीचा कीबोर्ड आणला, उशीर होणार.
"होऊ द्या की. पर त्या पोरीला देऊ नका ताई, माझं अक्षर तुम्हालाच वाचता येतं."
पाणी दिलं. "अर्धाच भरा." मग ड्रमकडं बघत, "लई पाणी हाय की घरात. अन् टेबल एवढुसं?"
प्र. पेपरमागं गेला.
सातवं प्रकरण ठेवून गेले. ते गेल्यावर चाळलं. आईचं आहे. विहिरीला हात लावायचा नाही, घागर घेऊन खाली उभं राहायचं, कुणी वरून ओतेल तोवर. लहानगे गुरुजी शेजारी.
पुढचं आज वाचवलं नाही.

१७ एप्रिल, बुधवार
ऋतानं सुटे आकडे पाठवले. नुसते आकडेच, बिनवायरचे, तळहाताएवढे. असं काही मिळतं हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
टेबलावर दोन बोटं जागा. त्यात बसत नाहीत. मांडीवर घसरतात. शेवटी जिथं वीस वर्षं हात जातो तिथंच ठेवले, चौथ्या ड्रमच्या झाकणावर. पहिल्या फटक्यात 'बुद्ध'. दिवसात अकरा पानं झाली.
प्र. म्हणाला, "शनिवारी झाकण उघडावं लागेल."

२० एप्रिल, शनिवार
त्यानं सकाळी ड्रम मोरीत रिकामा केला. मी झाकण लावलं, वर आकडे ठेवले आणि सातवं प्रकरण काढून बसले.
अकराला नळ आला. एक भरला, दोन भरले, तीन भरले. पाइप घेऊन माझ्या बाजूला उभा.
"उचल."
"हा नाही भरायचा."
"वेडी झालीस का? पाऊण तासात जातं पाणी!"
"जाऊ दे. तू पुढच्या नळाला ते गटारातच घालणारेस."
पाइपातून पाणी त्याच्या पायावर सांडत होतं. "मग प्यायला काय, तुझी अक्षरं?"
माझा हात झाकणावर होता. प्र. ते ओढून काढेल असं वाटलं. गुरुजींची आई ओळीत मधेच घागर घेऊन उभी होती, तिला तशी ठेवून उठायची मला लाज वाटली. आणि आमचीही लाज वाटली, खालच्या चौघींचं पाणी दोघांनी अडवून ओतून देणाऱ्यांची.
त्यानं पाइप गॅलरीत नेऊन खाली सोडला. टँकरपाशी थांबलेल्या बायकांनी कळशा लावल्या. मेहेरबानी म्हणून नाही, रागानं सोडला. कळशा भरल्या पण.
दुपारी जेवला नाही. न जेवो.

२३ एप्रिल, मंगळवार
अबोला. सातवं, आठवं झालं. एक नवीनच गोष्ट: ड्रम रिकामा आहे, त्यामुळं झाकणावर आकडा दाबला की आत घुमतं. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं. प्र. टीव्हीचा आवाज वाढवतो.

२६ एप्रिल, शुक्रवार
शेवटचं प्रकरण देऊन आले. रमेशराव खूश. पुढच्या कामाचं विचारलं तर खिडकीतून रस्ता बघायला लागले. "बघू ताई." ती मुलगी नव्या टेबलावर बसली होती, एवढं लांब टेबल. पोरगी वाईट नाही. मला पाणी आणून दिलं. तरी राग आलाच.

२७ एप्रिल, शनिवार
गुरुजींचा फोन. "आभारात तीन नावं घाला ताई. आईला वरून पाणी ओतायच्या त्या बाया. वरडा खायच्या घरी, तरी ओतायच्या. राहिलंच बघा."
बसले. मागं प्र., हातात टेप. उद्या नळ. दाराशीच थांबला. म्हणाला, "उद्या हा भरायचा का?"
तेवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही, नावांचा कागद पुढं ओढला.
पहिलं नाव द्वारकाबाई. सुरुवातीलाच जोडाक्षर. ऑल्ट दाबला, उजवा हात झाकणावर नेला, आणि चार आकडे घरभर घुमले.